वाडवडिलांचा संप्रदाय आणि देवाचें वचन

(शास्त्राभ्यास वर्गासाठीं. वाचावयाचे भाग: मार्क ७:१–२३, प्रेषितांचीं कृत्यें १५:१–३१, १ करिंथ १०:१४–३३, गलती २:११–१४.)

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत फिरणाऱ्या सुवार्तिकास जे प्रश्न विचारले जातात, ते बहुधा त्रैक्याविषयीं किंवा प्रकटीकरणाच्या पुस्तकाविषयीं नसतात. ते असे असतात: आई अजून जुन्या धर्मांतच आहे, ती थकली आहे, तिच्या घरीं देव मांडलेले आहेत, तिच्याजवळ राहावयास जावें कीं नाहीं? वेळ अमावस्येस शेजाऱ्यानें शेतांत जेवावयास बोलाविलें आहे, जावें काय? बाजार रविवारीं भरतो आणि मजुरी बाजारच्या दिवशींच हातांत पडते. ती आणावयास गेलों तर प्रभुभोजनास मुकावें लागेल काय? प्रश्न साधे दिसतात. परंतु त्यांच्या उत्तरावर कोणाची भाकरी, कोणाचें म्हातारपण, कोणाचें मंडळींतील स्थान अवलंबून असतें. आणि पुष्कळ ठिकाणीं उत्तर मिळतें तें इतकेंच, कीं आपल्या मंडळीचा नियम असा आहे.

एवढें उत्तर पुरें आहे काय? तो नियम कोणीं केला, कशासाठीं केला, आणि तो पाळतांना देवाची आज्ञा पाळली जाते कीं मोडली जाते, हें पाहिल्यावांचून आम्हांस तरी तें पुरें वाटत नाहीं. प्रभूला हाच प्रश्न करण्यांत आला होता. त्याचें उत्तर मार्काच्या सातव्या अध्यायांत आहे.

यरुशलेमेहून कांहीं शास्त्री व परूशी आले, त्यांनीं शिष्यांस हात न धुतां जेवतांना पाहिलें आणि तक्रार केली. ही तक्रार स्वच्छतेची नव्हती, सोंवळ्याची होती. ज्यांच्या आजापणज्यांनीं दुसऱ्यांच्या सोंवळ्यापायीं गांवच्या विहिरीपासून दूर उभें राहून पाण्याची वाट पाहिली, त्या आमच्या वाचकांस हा भेद फोड करून सांगावयास नको. आतां हा नियम आला कोठून? निर्गमाच्या तिसाव्या अध्यायांत अहरोन व त्याचे पुत्र यांनीं सेवेस जाण्यापूर्वीं हातपाय धुवावे अशी आज्ञा आहे. ती याजकांस होती, आणि सेवेच्या वेळेपुरती होती. पुढें भक्तिमान लोकांस वाटलें कीं, याजकांस जें योग्य तें सर्वांस कां योग्य नसावें? सेवेच्या वेळीं जें योग्य तें जेवणाच्या वेळीं कां नसावें? हेतु वाईट नव्हता. पिढ्या लोटल्या, हेतु विसरला गेला, नियम तेवढा राहिला; आणि मग तो न पाळणारा मनुष्य पापी ठरूं लागला. मनुष्यांचे नियम असेच वाढतात. निदणासारखा कोणी शत्रु रात्रीं येऊन ते पेरून जात नाहीं. चांगलीं माणसें दिवसाढवळ्या ते पेरितात. म्हणूनच ते ओळखणें कठीण जातें.

प्रभूनें हातांविषयीं उत्तर देण्यापूर्वीं एक निराळेंच उदाहरण काढलें, आणि आमच्या मतें या सबंध पाठाचें मर्म त्यांत आहे. त्या काळीं एखादा मनुष्य आपल्या आईबापांस म्हणे, माझ्यापासून तुम्हांस जें कांहीं साहाय्य व्हावयाचें तें कुर्बान आहे, म्हणजे देवाला वाहिलेलें आहे. एकदां हा शब्द तोंडांतून गेला कीं त्या द्रव्यांतून आईबापांवर खर्च करण्याची त्याला मोकळीक राहत नसे. तें द्रव्य त्यानें मंदिरांत नेऊन भरलेंच पाहिजे असेंही नव्हतें. आईबापांस मात्र तें मिळणार नाहीं एवढें नक्की. आणि हें सर्व धर्माच्या नांवानें.

येथें एक गोष्ट सुवार्तिकांनीं वर्गांत अवश्य दाखवावी. कुर्बानच्या नियमाला शास्त्राचा आधार नव्हता असें नाहीं. परमेश्वराला नवस केला तर तो मोडूं नये असें गणना ३०:२ मध्यें स्पष्ट आहे. म्हणजे त्या शास्त्र्यांच्या एका हातांत वचन होतें. त्या वचनानें त्यांनीं दुसरें वचन, आईबापांचा मान राखण्याची आज्ञा, झांकून टाकलें. तेव्हां एखाद्या नियमाखालीं एक वचन लिहिलेलें दिसलें म्हणून तो नियम शास्त्रोक्त झाला असें समजूं नये. सबंध शास्त्रापुढें तो उभा राहतो काय, हें पाहावें.

आतां पहिल्या प्रश्नाकडे येऊं. जुन्या धर्मांतील घराशीं फार संबंध ठेवूं नये हा नियम आमच्या पुष्कळ मंडळ्यांत आहे, आणि तो उगीच झालेला नाहीं. नवा विश्वासी एकटा असतो. घरांत मरीआईचा देव्हारा असतो, मूल आजारी पडलें कीं बोकड बोला असें दहा तोंडें सांगतात, आणि दुबळ्या मनाचा मनुष्य एका रात्रींत माघारा जातो. ज्या पाळकांनीं हें डोळ्यांनीं पाहिलें त्यांनीं कुंपण घातलें. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. पण तेंच कुंपण धरून एखादा मुलगा म्हणूं लागतो कीं, आई मूर्तिपूजक आहे, तिच्या घरची पायरी मला वर्ज्य आहे, तिचें तिनें पाहावें. त्यानें तो शब्द उच्चारला नसेल, पण तो कुर्बान म्हणत आहे. मंडळीच्या वडिलांनीं त्याची पाठ थोपटली तर तेही त्या शास्त्र्यांच्याच पंक्तीला बसतात.

कोणी लूक १४:२६ काढतील, कोणी मत्तय ८:२१–२२ काढतील. तीं वचनें कठीण आहेत आणि तीं सौम्य करण्याचा आमचा हेतु नाहीं. प्रभूची आज्ञा एकीकडे व बापाचा हट्ट दुसरीकडे असा प्रसंग आला तर बापाचें ऐकावयाचें नाहीं, मग घर सुटलें तरी बेहेत्तर. पण म्हाताऱ्या आईला दोन वेळ भाकरी देऊं नये अशी प्रभूची आज्ञा कोठें आहे? ज्यानें तीं कठीण वचनें सांगितलीं त्यानें वधस्तंभावर असतांना आपल्या आईच्या निवाऱ्याची सोय केली (योहान १९:२५–२७). आणि आपल्या घरच्यांची तरतूद न करणारा मनुष्य विश्वास न ठेवणाऱ्याहूनही वाईट, असा पौलाचा निकाल १ तीमथ्य ५:८ मध्यें आहे. आम्हांस एक गोष्ट नेहमीं विलक्षण वाटते: बापाच्या देव्हाऱ्यामुळें बापाचें घर अशुद्ध ठरतें, पण बापाच्या सात-बाऱ्यावरील जमीन कधीं अशुद्ध ठरत नाहीं.

वेळ अमावस्येचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तेथें दोन्ही बाजूंस चुकण्याचा संभव आहे. मार्गशीर्ष अमावस्येस लातूर जिल्ह्यांत व त्याच्या लगतच्या मुलखांत ही येळवस होते. ज्वारी व हरभरा शेतांत उभा असतो, कडब्याची कोप करितात, तींत पांडव मांडून पूजा करितात, आणि मग भज्जी, अंबील, उंडे यांचें जेवण होतें. ज्यांस शेत नाहीं त्यांस शेतवाले बोलावितात. त्या दिवशीं गांवांत माणूस सांपडत नाहीं. आतां एक पक्ष म्हणतो, ही तर शेतकऱ्याची रीत आहे, धर्माशीं हिचा काय संबंध, सर्व कांहीं करावें. दुसरा पक्ष म्हणतो, त्या दिवशीं शिवारांत पाऊल टाकील त्याचें नांव प्रभुभोजनाच्या यादींतून काढावें.

पौल करिंथ येथील मंडळीस लिहितांना दोघांसही थांबवितो. मूर्तीच्या मेजाचे व प्रभूच्या मेजाचे असे दोहोंचे भागीदार होतां येत नाहीं, हें तो १०:२१ मध्यें निक्षून सांगतो. म्हणून कोपींतील पूजेंत उभें राहणें, पांडवांस हात जोडणें, नैवेद्य म्हणून जें वाटलें तें घेणें हें ख्रिस्ती मनुष्यास नाहीं. रीत म्हणून सुद्धां नाहीं. परंतु त्याच अध्यायांत, २५ व्या वचनापासून पुढें, बाजारांत विकत मिळतें तें चौकशी न करितां खावें, आणि विश्वास न ठेवणाऱ्यानें जेवावयास बोलाविलें व जावयाची इच्छा असली तर जावें, असेंही तो सांगतो. केवळ कोणी मुद्दाम सांगितलें कीं हें मूर्तीला दाखविलेलें आहे, तर सांगणाऱ्याच्या विवेकबुद्धीसाठीं तें खाऊं नये. म्हणजे शेजाऱ्याच्या झाडाखालीं बसून त्याची अंबील पिणें हें पाप नव्हे. तुमच्या बरोबर कालपरवां बाप्तिस्मा घेतलेला, पूजेचा मोह अजून न सुटलेला एखादा भाऊ असला, तर मात्र त्याच्यासाठीं तुम्ही घरीं राहावें. रोम १४ चें सांगणें तेंच आहे. याच सुमारास नांदेड जिल्ह्यांतील माळेगांव येथें खंडोबाची यात्रा भरते व तेथें जनावरांचा मोठा बाजार असतो. तेथून बैल विकत आणणाऱ्यानें खंडोबाची सेवा केली असें होत नाहीं. भंडारा उधळणाऱ्यानें केली. हा विवेक प्रत्येक वेळीं करावा लागतो, तो एका ओळीच्या नियमांत मावत नाहीं, आणि यादींतून नांव काढणें त्याहून पुष्कळ सोपें असतें. रविवारच्या बाजाराविषयीं फार लिहीत नाहीं. मार्क २:२७ वाचावें, आणि मंडळीची उपासना सकाळीं लवकर कां ठेवितां येणार नाहीं हें वडिलांनीं सांगावें.

येथें कोणी म्हणेल, आम्ही अडाणी माणसें. मंडळीचे नियम पारखणारे आम्ही कोण? बिरुयांतील लोकांनीं प्रत्यक्ष पौलाचें सांगणें रोज शास्त्रांत शोधून पाहिलें आणि त्याबद्दल त्यांची स्तुति झाली (प्रे. कृ. १७:११). पण आपल्याच भाषेंतील एक उदाहरण आहे, तें सांगतों.

पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडांत गेल्या आणि त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें त्यांनीं व त्यांची लहान मुलगी मनोरमा हिनें बाप्तिस्मा घेतला. ज्या भगिनीमंडळाच्या आश्रयास त्या होत्या तें इंग्लंडच्या मंडळीचें होतें आणि त्यांच्यावर माया करणारें होतें. परंतु थोड्याच दिवसांत खटके उडूं लागले. मंडळीच्या अधिकाऱ्यांनीं जें ठरविलें तें नव्या शिष्येनें निमूटपणें मानावें अशी भगिनी जेराल्डिन यांची अपेक्षा. आणि रमाबाईंचें म्हणणें असें कीं, ब्राह्मण पुरोहितांचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविलें तें दुसऱ्या पुरोहितांचें जूं घेण्यासाठीं नव्हे. ख्रिस्ताचें वचन मजपुढें आहे व देवानें मला विवेक दिला आहे. वाद मतसूत्रांवर झाला, तसा तो लहान गोष्टींवरही झाला. गळ्यांतील क्रूसावर लॅटिन अक्षरें असत. आम्हां हिंदी लोकांस लॅटिन कां, संस्कृत कां नको, असें त्यांनीं विचारिलें. इंग्लंडांतही त्यांनीं आपला शाकाहार सोडला नाहीं. त्यांनीं पुरुषांस शिकवूं नये असें हिंदुस्थानांतील कांहीं बिशपांनीं कळविलें. तेंही त्यांस रुचलें नाहीं. भगिनींस हा गर्व वाटला. आज ती पत्रें वाचणाऱ्यास दिसतें कीं, ज्या गोष्टी त्या अगत्यानें मागत होत्या त्यांपैकीं पुष्कळ ख्रिस्ताच्या नसून इंग्लंडच्या होत्या.

पण रमाबाईंची गोष्ट येथेंच सोडली तर ती अर्धी राहते, आणि अर्धी गोष्ट कित्येकांस फार आवडते. १९०७ च्या आपल्या साक्षींत त्यांनीं स्वतःच लिहिलें आहे कीं, बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षें आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. नियमांशीं वाद घालणें एक, आणि तारणाऱ्यास शरण जाणें दुसरें. आणि तो मिळाल्यावर त्यांनीं काय केलें? केडगांव येथें मुक्तिसदन चालवीत असतां, वय उतरणीस लागलें असतां, इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि सबंध पवित्र शास्त्राचें साध्या मराठींत भाषांतर केलें. कां, तर संस्कृत शब्दांनीं भरलेली मराठी खेड्यांतील बायांस कळत नाहीं. तें मुक्तीच्याच छापखान्यांत स्त्रियांनीं जुळविलें व छापिलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं बाई निवर्तल्या, आणि १९२४ सालीं तो सबंध ग्रंथ बाहेर पडला. मराठींत नवा करार तर १८११ सालींच श्रीरामपूर येथें विल्यम केरी यांनीं काढला होता. इतक्या लोकांनीं इतकीं वर्षें खपून शास्त्र आपल्या भाषेंत आणलें तें पेटींत कापडांत गुंडाळून ठेवण्यासाठीं नव्हे. वाचतां येत नसेल त्यानें मुलाकडून वाचवून घ्यावें.

आतां दुसरी बाजू. "हें शास्त्रांत कोठें आहे?" हा प्रश्न चांगला आहे, पण तो विचारणारे सगळेच शास्त्रासाठीं विचारीत नाहींत. ज्याची वर्गणी दोन वर्षें थकली आहे त्याच्या तोंडीं तो फार ऐकूं येतो. दानाचे पैसे दोघांनीं मिळून मोजावे हें शब्दशः कोणत्याही अध्यायांत नाहीं. तरी पैशाच्या बाबतींत मनुष्यांपुढेंही निर्मळ दिसावें म्हणून पौलानें किती काळजी घेतली तें २ करिंथ ८:१८–२१ मध्यें पाहा. लग्न लावण्यापूर्वीं तें मंडळींत जाहीर करावें, बाप्तिस्म्यापूर्वीं कांहीं महिने शिक्षण द्यावें, हे नियम मनुष्यांनींच केले आहेत आणि ते चांगले आहेत. प्रेषितांनीं शिकविलेले संप्रदाय दृढ धरून राहावें असें २ थेस्सल २:१५ मध्यें सांगितलें आहे, हेंही विसरतां कामा नये.

यरुशलेमेंतील सभेचा वृत्तांत (प्रे. कृ. १५) या दृष्टीनें फिरून फिरून वाचण्यासारखा आहे. विदेशी विश्वासणाऱ्यांनीं सुंता करावी काय, हा प्रश्न. सभेंत वाद झाला, पेत्रानें कुर्नेल्याच्या घरीं घडलेलें सांगितलें, बर्णबा व पौल यांनीं आपलें सांगितलें, याकोबानें संदेष्ट्यांचें वचन काढलें, आणि मग ठरलें कीं ज्या ओझ्याखालीं आम्ही व आमचे पूर्वज दबलों तें त्यांच्यावर घालूं नये. थोड्याशा आवश्यक गोष्टी तेवढ्या लिहाव्या. आपल्या देशांतही असें झालें आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालें. त्यांत बालकांस बाप्तिस्मा देणारे होते, आणि मोठेपणीं विश्वास कबूल केल्यावरच तो देणारेही होते. पिढ्यान्‌पिढ्या दोघांनींही आपापल्या रीतीस शास्त्राचा आधार दाखविला होता. त्यांनीं दोन्ही रीती मान्य केल्या आणि एका मेजाजवळ बसले.

मेजाची गोष्ट निघाली म्हणून एका अशा संप्रदायाविषयीं लिहितों जो कोणत्याही मंडळीच्या नियमपुस्तकांत लिहिलेला नाहीं आणि जो सर्वांहून कडक पाळला जातो. महारवाड्यांतून आलेलीं कुटुंबें एकीकडे बसतात, मांगवाड्यांतून आलेलीं दुसरीकडे. प्रार्थना एक, प्रभु एक, पण सोयरीक नाहीं, आणि कोठें कोठें पाण्याचा तांब्याही निराळा. हा नियम कोणा मिशनऱ्यानें घातला नाहीं. आम्हीं तो गांवांतून आमच्या गांठोड्यांत बांधून आणिला. ज्यांनीं आम्हांस दूर बसविलें त्यांच्याविषयीं आम्ही तक्रार करितों, आणि देवाच्या घरांत आलों कीं आपल्याहून खालीं कोणी आहे काय तें शोधितों.

अंत्युखियांत पेत्र विदेशी बांधवांबरोबर जेवत होता. यरुशलेमेकडून कांहीं लोक आले तेव्हां तो भिऊन मागें सरला. पौलानें त्याला एकांतांत नेऊन समजाविलें नाहीं, सर्वांसमक्ष विचारिलें. पंक्तीचा प्रश्न हा पौलाच्या दृष्टीनें शिष्टाचाराचा नव्हता; सुवार्तेच्या सत्याचा होता. आमच्याच मराठवाड्यांत जालन्याजवळ बेथेल नांवाचें गांव आहे. तें नारायण शेषाद्रि यांनीं वसविलें. हे जन्मानें ब्राह्मण. १८४३ सालीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढें पाळकाची दीक्षा मिळाली, आणि जालन्यास येऊन त्यांनीं आपलें आयुष्य बहुतांशीं मांग व महार लोकांत घालविलें. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली तिच्यावर त्या लोकांस त्यांनीं वसविलें. वाडवडिलांचा संप्रदाय टाकावयाचा तर ज्याला त्या संप्रदायानें सर्वांत उंच बसविलें होतें त्याला अधिक टाकावें लागलें. सुवार्तिकबंधूंनो, तुमच्या मंडळींत पुढच्या प्रभुभोजनास कोण कोठें बसतो तें पाहा. पेत्राला बोलण्याचें धैर्य पौलाला झालें. आपण ज्यांस बोलावयाचें ते पेत्र नाहींत, आपले मामा व मेहुणे आहेत, म्हणून तें अधिक कठीण आहे हें आम्ही जाणतों.

वडिलांनीं व सुवार्तिकांनीं मिळून आपल्या मंडळींत जे नियम चालतात, लिहिलेले व न लिहिलेले, ते एका कागदावर मांडावे आणि दर आठवड्यास एक घेऊन वर्गांत वाचावा. तो कोणाच्या भल्यासाठीं झाला होता, आज त्याचा भार कोणावर पडतो, आणि तो पाळतांना कोणती आज्ञा मागें पडते, एवढें विचारावें. जो टिकेल तो मनापासून पाळावा.

आरंभ मातेच्या अंत्यविधीच्या नियमापासून करावा असें आम्ही सुचवितों, कारण तो प्रसंग सांगून येत नाहीं. आई जुन्या धर्मांत वारली. ख्रिस्ती मुलानें काय करावें? कोणी म्हणतात, त्यानें जाऊंच नये. योसेफानें आपल्या बापाचें प्रेत मिसरी वैद्यांकडून मिसरी रीतीनें तयार करविलें, मिसरी लोकांनीं सत्तर दिवस शोक केला, आणि फारोचे सरदार कनानापर्यंत त्याच्या बरोबर गेले (उत्पत्ति ५०:१–११). योसेफ त्यामुळें देवापासून दूर गेला असें शास्त्र म्हणत नाहीं. म्हणून मुलानें जावें, तिरडीला खांदा द्यावा, लांकडांचा किंवा खड्ड्याचा खर्च आपल्या वांट्याचा द्यावा, बहिणींजवळ बसावें. पिंड त्यानें ठेवूं नये, आणि कां ठेवीत नाहीं तें भाऊबंदांस आधींच, शांतपणें, आई जिवंत असतांनाच सांगून ठेवावें. प्रेत दारांत असतां वाद घालणें शोभत नाहीं. आणि त्या दिवशीं त्याला एकट्यास पाठवूं नये. मंडळीच्या वडिलांपैकीं दोघांनीं त्याच्या बरोबर जावें, स्मशानापर्यंत चालावें, आणि तो घरीं परत येईपर्यंत त्याच्या जवळ राहावें.